नामदेवभाऊ आणि बाबांचं इंजिन

नामदेवभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बॉयलरच्या पोटाशी झाडू घेऊन चालत होते. मला वाटलं, सफाईचे कामगार असतील. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मी नुकतीच लागले होते आणि नमुन्याची बाटली घेऊन मोठ्या दिमाखात त्यांना ओलांडून पुढे निघाले होते. "बाई! तिथीच थांबा!" असे ते खेकसले की बाटली हातातून सुटता सुटता राहिली. मग त्यांनी झाडू माझ्यासमोरच्या मोकळ्या हवेत नेला. तिथे काही म्हणता काही नव्हतं. पण झाडूच्या काड्या विळीवर धरल्यासारख्या कापल्या जाऊन खाली पडल्या.

"आता पाह्यलं?" ते म्हणाले. "पांढरं दिसते ना बाई, ते पाणी होय. खरी वाफ दिसत नाई. तिच्यात हात गेला त हात तिचा झाला." वरच्या नळीला केसाएवढी भेग पडली होती आणि तीच ते झाडूने शोधत होते. त्या दिवशी माझा हात वाचला, आणि पुढच्या बावीस वर्षांत मी त्यांना ओलांडून कुठेच गेले नाही.

ते बॉयलर दुरुस्तीचे फिटर. काळे, काटक, उन्हाळ्यातसुद्धा मानेला मफलर. कंपनीची बस क्वार्टरच्या दारात यायची तरी हे सायकलवर जायचे. बसमध्ये बसलं की इंजिनाचे आवाज ऐकू येतात आणि ड्रायव्हरशी भांडण होतं, असं त्यांचं म्हणणं. खुर्चीवर कधी बसले नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत आले की भिंतीला पाठ लावून उकिडवे बसायचे, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचे आणि माझ्या काचेच्या नळ्यांकडे संशयाने पाहायचे. "इतक्याशा पाण्यात तुमाले काय कळते?" हा प्रश्न त्यांनी मला किमान शंभर वेळा विचारला असेल. मी दरवेळी उत्तर दिलं, त्यांनी एकदाही ऐकलं नाही.

ऐकायचे ते फक्त यंत्रांचं. त्यांच्या खिशात एक लांब स्क्रू ड्रायव्हर असायचा. त्याचं टोक पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, अशी त्यांची तपासणी. एकदा एका नव्या साहेबांनी पंप वाजतोय म्हणून तो खोलायचा हुकूम सोडला. नामदेवभाऊ कान लावून आले आणि म्हणाले, "पंप चांगला आहे. शेजारच्या नळीत काही तरी नाचून राह्यलं." साहेब चिडले, नामदेवभाऊ भिंतीशी जाऊन बसले. तीन दिवस पंप खोलून पुन्हा जोडण्यात गेले. मग नळी खोलली तर आतून कोणाचा तरी हरवलेला पाना निघाला. "आधी आइका, मंग खोला," एवढंच ते बोलले, पण पुढचा महिनाभर ते दिवसातून दोनदा बोलले, तेही साहेबांच्या खोलीसमोर.

हा कान कुठून आला, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी तळ्याचं नाव घेतलं. त्यांचं घराणं मासेमारीचं. "आमचा बाप जाळं टाकलं का बोलू नाई देत होता. तू बोलत राह्यला त मासोळी काय बोलते ते कसं ऐकू येईन, म्हणे." हा कान ते सगळीकडे चालवायचे. शेजाऱ्यांचा फ्रिज, देवळातला पंखा, काही वर्ज्य नव्हतं. माझ्या आईचा गुडघा दुखतो म्हटल्यावर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पुसून तिच्या गुडघ्यावर टेकवला आणि गंभीरपणे निकाल दिला, "बेअरिंग गेलं." आई इतकी हसली की तिला दोन दिवस गुडघ्याची आठवण आली नाही. नंतर डॉक्टरांनीही वेगळं काही सांगितलं नाही.

अशा माणसाकडे मी बाबांचं इंजिन का घेऊन गेले, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

माझे बाबा रेल्वेच्या छोट्या लाईनीवर फायरमन होते. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायचा, पाणी बघायचं आणि काळं होऊन घरी यायचं. गाडी लांब गेली की ते दोन-दोन दिवस तिकडच्या रनिंग रूममध्ये मुक्कामाला असत. एक दिवस ते घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन घरी आले. उलगडलं तर हातभर लांबीचं इंजिन! धुराडं, चाकं, दांडे, सगळं खऱ्यासारखं. "मीच बनवलं," ते म्हणाले. नेमक्या त्याच महिन्यात त्यांचं इंजिनांचं शेड बंद होत होतं, आणि तिथल्या मोठ्या साहेबांच्या खोलीतलं, काचेच्या पेटीतलं नमुन्याचं इंजिन नाहीसं झालं होतं.

कोणी तक्रार केली नाही, पोलीस आले नाहीत. पण गोविंदमामा आले. आईचे हे थोरले भाऊ अहेरीकडे वनरक्षक होते. सागवानाच्या चोरांमागे त्यांची उभी नोकरी गेलेली. त्यांनी इंजिन उलटंसुलटं करून पाहिलं. "कोळसा टाकणारा माणूस हे बनवते?" ते बाबांना म्हणाले. "चोर म्या उभ्या जिंदगीत लय पाह्यले, भाटवे." बाबा पुन्हा काही बोलले नाहीत. मामा उठून गेले. पुढे दर भाऊबिजेला ते येत राहिले, बहिणीवर माया होती म्हणून. पण ओवाळून घ्यायचे ते दाराशी उभ्यानेच, आणि आमच्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावायचे नाहीत. आई ताट वाढून ठेवायची आणि ते तसंच परत आत न्यायची.

आणि मी? मी तेव्हा कॉलेजात होते. घरातला गळका नळ ज्यांनी कधी दुरुस्त केला नाही त्या माणसाने इंजिन केलं, हे मलाही खरं वाटलं नाही. मी तसं बोलले नाही, पण ते त्यांना कळलं असणार. हे लिहिताना आजही लाज वाटते.

आईने तर त्याहून मोठा घोटाळा केला. घरात पोलीस आलेच तर इंजिनावरचा नंबर सापडू नये, म्हणून तिने दिवाळीच्या भांड्यांबरोबर तेही घासायला घेतलं. चिंच, विटेचा भुगा, राख, जे हाताशी होतं ते सगळं. रंग गेला, नंबर गेला, पुढच्या पट्टीवरची अक्षरं गेली. उरलं एक लखलखीत पितळी काहीतरी. मग ते पेटीच्या तळाशी गेलं आणि बाबा गेले तरी तिथेच राहिलं.

बाबांच्या मागे आई माझ्याकडे ऊर्जानगरला आली, पेटीही आली. ऐंशीच्या घरात गेल्यावर एक दिवस ती म्हणाली, "हे कोणाचं आहे ते एकदाचं पाहून घे ना. ज्याचं असंन त्याले नेऊन देऊ. मले हे इथी ठेवून मराचं नाई." आमच्या कॉलनीत जुनी घड्याळं जमवणारे एक निवृत्त साहेब होते. त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी भिंग लावून अर्धा तास पाहिलं आणि आदराने मान डोलावली. विदेशी कारखान्यात शोभेसाठी अशी मॉडेलं करत, घरी हे होणं शक्य नाही, असं त्यांचं मत पडलं. घरी येऊन मी आईला तेच सांगितलं. ती त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी नामदेवभाऊंना हे सगळं बोलून गेले. ते खर्रा घोटत ऐकत होते. "साहेबानं बाहेरून पाह्यलं," ते म्हणाले. "रविवारी घेऊन या. तुमच्या मायले बी आणा."

त्यांच्या क्वार्टरच्या ओट्यावर गोणपाट अंथरून त्यांनी इंजिन ठेवलं, आणि पाहताक्षणी कपाळावर हात मारला. "हे कोणं केलं? घंगाळ होय का हे?"

"म्याच घासलं, भाऊ," आई म्हणाली. तिचा चेहरा पाहून ते विरघळले. "घासलं, पण लय मन लावून घासलं, माय," ते म्हणाले, आणि बायकोला चहा ठेवायला सांगितला.

आठवडाभर इंजिन रॉकेलच्या घमेल्यात बुडून राहिलं. जाम झालेली चाकं सुटायला त्यांनी जोर म्हणून लावला नाही. रोज कामावरून आले की एकदा हलवून पाहायचे आणि परत बुडवायचे. दुसऱ्या रविवारी त्यांनी धुराड्याखालचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं. "हे शोभेचं नाई, बाई. हे चाललं आहे. शोभेच्या इंजिनात काजळी कुठून येईन?"

माझं मन अडून बसलेलं. मी म्हटलं, कोणीतरी नंतर चालवलं असेल. पुढच्या रविवारी त्यांनी दट्ट्याची नळी दाखवली. ती सायकलच्या पंपाची होती, कापून गुळगुळीत केलेली. वरचा घुमट म्हणजे रॉकेलच्या स्टोव्हच्या टाकीचं टोपण. सोळा स्क्रू निघाले, त्यातले दोन एकमेकांसारखे नव्हते. "विदेशी कारखान्यात स्क्रू संपले होते वाटते," ते म्हणाले. मी तरीही म्हटलं, दुरुस्त करताना लावले असतील. आई नुसती माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने पाहत होती, आणि तिची ती नजर मला सोसत नव्हती. आशा लावून पुन्हा तोंडघशी पडायचं तिचं वय राहिलं नव्हतं.

सगळं जोडून झालं. आता जाळ लावायचा, असं मला वाटलं. नामदेवभाऊ माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी देवळात चपला घालून शिरले. बॉयलर हातभर असो की दहा मजली, आधी थंड पाण्याचा दाब देऊन पाहिल्याशिवाय त्याला आग दाखवायची नाही, हा त्यांचा धर्म. त्यासाठी त्यांनी भावाकडून धानावर फवारायचा पंप मागवला. तो नळीला जोडला आणि मोजून, हळूहळू दांडा मारू लागले. पाचव्या दाबाला इंजिनाच्या पोटाखालून पाण्याचा थेंब आला. मग दुसरा.

बॉयलरवरून पत्र्याची एक चादर गुंडाळलेली होती, खऱ्या इंजिनाला असते तशी. गळती तिच्या आत होती. ती चादर काढायची म्हणजे बारीक बारीक रिबिटा तोडाव्या लागणार होत्या. मला एकदम भीती वाटली. आत कारखान्याचा शिक्का असला तर? आता निदान शंका तरी होती. मग तीही उरली नसती. मी म्हटलं, "राहू द्या, नामदेवभाऊ. आपण चालवायचंच नाही. असंच ठेवू."

"गळते हे माहीत झाल्यावर नाई खोललं त मले झोप लागन का?" ते म्हणाले. पण त्यांनी हत्यार उचललं नाही. आईकडे वळले. "माय, तुमी सांगा. तुमच्या घरचं आहे."

आईने एकदा त्या पत्र्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "खोला."

एकेक रिबिट निघाली. पत्रा उचलला, खाली सुताची दोरी गुंडाळलेली होती, तीही उलगडली. आतलं पितळ काळवंडलेलं होतं. ते त्यांनी चिंधीने पुसलं, उन्हाकडे धरलं आणि डोळे बारीक केले. कडेला लहान लहान ठिपके होते. ठिपक्यांची अक्षरं होती. भांड्यांवर नाव घालतात तशी.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुमच्या मायचं नाव काय?"

"वत्सला."

त्यांनी बॉयलर माझ्या हातात दिला. घुमटासाठी भोक पाडलं होतं तिथे पहिलं अक्षर कापलं गेलं होतं. बाकीचं स्वच्छ होतं: '...त्सला हिस बंधू गोविंदा यांजकडून'.

मी मोठ्याने वाचलं. आईने दोन्ही हात तोंडावर धरले. "माझा डबा!" ती म्हणाली. "माझ्या लग्नातला लाडवाचा डबा!" मग हुंदक्यांमधून, हसण्यामधून तुकड्यातुकड्याने सगळं बाहेर आलं. लग्नात मामांनी दिलेला पितळी डबा शेड बंद व्हायच्या वर्षभर आधी घरातून नाहीसा झाला होता. तिने जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बाईवर आळ घेतला होता, तिच्याशी कडाकडा भांडली होती. बाबांना विचारलं तर ते ताटात पाहत म्हणाले होते, "असंन कुठी तरी." तो डबा रनिंग रूममध्ये पोचला होता. तिथे त्यांनी तो फाडला, पत्रा सरळ केला आणि पुन्हा वळवून त्याचा बॉयलर केला.

आता मला सगळं कळलं. बाबांकडे पुरावा होता, अगदी लिहिलेला. फक्त तो दाखवायचा म्हणजे मेव्हण्याने दिलेल्या डब्याला कात्री लावल्याचं बायकोसमोर कबूल करायचं. चोर म्हणवून घेणं त्यांना जमलं, हे जमलं नाही. मला इतकं हसू आलं आणि त्याच वेळी इतकं रडू आलं की मी ओट्यावरच बसले. बाबांनी ते इंजिन केलं होतं. त्यांनी सांगितलं होतं आणि ते खरं होतं. छातीवर इतकी वर्षं काहीतरी होतं, हे ते उतरल्यावरच मला समजलं.

नामदेवभाऊ मात्र अक्षरांवरून अंगठा फिरवत होते. "जोड पाहा काय बसवला आहे," ते म्हणाले. "अन् अक्षरं आत नाई केली. आत केली असती त पाण्यानं खाल्ली असती. भाऊनं बाहेर ठेवली." एका कारागिराने दुसऱ्याला दिलेली ती दाद बाबांना ऐकता आली असती तर किती बरं झालं असतं.

साहेबांच्या पेटीतलं इंजिन कोणी नेलं, हे आम्हाला आजही माहीत नाही. माहीत करून घ्यायची इच्छाही नाही.

गळतीच्या जागी नामदेवभाऊंनी चंद्रपूरच्या एका सोनाराकडून चांदीचा डाग देऊन आणला. रंग दिला, दोरी गुंडाळली. पत्रा चढवायला घेतला तेव्हा आई म्हणाली, "ते भाऊबिजेनंतर लावा, भाऊ. अन् त्या दिवशी तुमीबी जेवाले या."

नामदेवभाऊ पुढच्याच वर्षी निवृत्त झाले आणि तळ्याकाठी आपल्या गावी गेले. कंपनीने निरोप समारंभ ठेवला, तिथे खुर्चीवर बसावं लागेल म्हणून ते मागच्या दाराने सटकले. अधूनमधून फोन करतात. बोलतात दोन मिनिटं आणि शेवटी न चुकता विचारतात, "बाई, माय कशी आहे? गुडघा वाजते का अजून?" पण मला ते आठवतात ते त्या भाऊबिजेच्या दुपारी, आमच्या ओट्यावर उकिडवे बसलेले.

मामा अहेरीहून आले, काठी टेकत. सवयीने दाराशी उभे राहिले. आईने ओवाळलं आणि जरा थांबायला सांगितलं. ओट्यावर नामदेवभाऊंनी लोखंडी पट्ट्यांचे रूळ मांडले होते. त्यांनी स्पिरिटचा दिवा लावला, दाबाच्या काट्याकडे न पाहता इंजिनाला कान लावून बसले आणि एका क्षणी कळ फिरवली. इंजिनाने दोन-तीन उसासे टाकले, पुढे सरकलं, आणि खडखडत ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. आईने टाळ्या वाजवल्या. मामा गंभीर चेहऱ्याने पाहत होते.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण ज्याचं आहे त्याले देऊन टाका आता."

"त्याच्यासाठीच तुमाले थांबवलं," नामदेवभाऊ म्हणाले. "जरा थंडं होऊ द्या, मंग नाव वाचा."

इंजिन थंड झाल्यावर नामदेवभाऊंनी दोरी सोडली. मामांनी चष्मा लावला. एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं. काठी बाजूला ठेवून ते ओट्यावर बसले. "हे त म्या घातलेलं नाव होय," ते म्हणाले. "कासाराच्या दुकानात नाव घालाले दोन घंटे उभा होतो मी." मग अक्षरांकडेच पाहत, "काऊन नाई सांगितलं त्यानं मले?"

"तुलेच भेत होता न, दादा," आई म्हणाली. "तू चोर म्हटलं ते सोसलं त्यानं. तुह्या डब्याले कात्री लावली म्हणून सांगाची हिंमत नाई झाली."

मामा हसायला गेले आणि त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. शेवटी त्यांनी नामदेवभाऊंकडेच पाहिलं. आमच्याकडे पाहायचा धीर होत नसावा. "इतके वर्षं म्या त्याच्या घरचं पाणी नाई पेलो. आता तो नाई. कोणाले माफी मागू, सांगा?"

नामदेवभाऊंनी थोडा विचार केला. मग शेजारचा तांब्या उचलून त्यांच्यासमोर ठेवला.

"ते मले नाई माहीत," ते म्हणाले. "पण पाणी त अजून त्याच्याच माणसायच्या घरचं आहे. प्या."

मामांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता. आई ताटं वाढायला आत पळाली.